परतीचं तिकीट

सैबेरियाची एक रील पाहिली की पुढच्या दहा आपोआप येतात. उणे चाळीसमध्ये कुणीतरी गरम पाणी हवेत उडवतो आणि त्याचं क्षणात धुकं होतं. कुणी अंडं फोडतो, ते तव्यावर पडायच्या आतच गोठतं. पापण्यांवर बर्फ, मागे न संपणारं जंगल, आणि खाली ओळ : मरण्याआधी एकदा तरी इथं यायलाच हवं. लाइक करणाऱ्यांत आमच्या उचगावची पोरंही असतात. का नसावीत? मे महिन्यात पत्र्याखाली बसून बर्फ बघण्यात मजा आहेच.

फक्त एक गंमत आहे. त्या जंगलातून जिवंत परतलेली माणसं पाहायला उचगावकरांना एकेकाळी फार लांब जावं लागत नव्हतं. ती शेजारीच राहत होती.

उचगावातून गांधीनगरात शिरलं की कापडाची होलसेल दुकानं सुरू होतात. लग्नाचा बस्ता बांधायला निम्मा जिल्हा इथं येतो, पार्किंगवरून भांडतो, गठ्ठे गाडीत कोंबतो आणि परत जातो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ही पेठ उभी केली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांच्या आधी इथं कोण होतं, असं विचारलं तर मात्र माणसं थबकतात. त्यांच्या आधी इथं पोलंड होतं. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं, वळिवड्याच्या माळावर सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, कारण हाताशी येतील ते पुरुष सैन्यात गेले होते.

ती इथवर कशी आली, ते एका दमात सांगून होत नाही. १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. १९४० आणि ४१ मध्ये पूर्वेकडच्या भागातून माणसं रात्री-बेरात्री घरातून काढली गेली, मालगाडीच्या डब्यांत भरली गेली आणि सैबेरियाच्या जंगलात झाडं तोडायला किंवा कझाकस्तानच्या माळांवर राबायला पाठवली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला, तेव्हा राजकारण फिरलं आणि या माणसांना सोडण्याचा करार झाला. मग कुठल्या कुठल्या छावण्यांतून निघून, थंडी, टायफस आणि उपासमार यांतून वाट काढत ती दक्षिणेकडे सरकली. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून टप्प्याटप्प्यानं भारत, आणि शेवटी मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरचं वळिवडे. इथं त्यांच्यासाठी बैठ्या बराकी बांधल्या होत्या. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाची रंगभूमी, सगळं होतं. उणे चाळिसातून निघालेली पोरं पंचगंगेच्या काठच्या उन्हात वाढली.

आता रीलवाला आणि ही माणसं शेजारी ठेवून बघा. तीच थंडी, तीच झाडं, तसाच गोठलेला पाव. थर्मामीटरला दोघांमधला फरक कळणार नाही. मग एकाला आपण साहस म्हणतो आणि दुसऱ्याला हाल, ते नेमकं कशाच्या जोरावर?

सोपं उत्तर असं, की एकानं ते निवडलं आणि दुसऱ्यावर ते लादलं गेलं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. हद्दपारी लादलेली होती, हे खरं. पण सुटकेनंतर कझाकस्तानातल्या एखाद्या आईनं दोन लेकरं घेऊन, अंगावर नीट कपडे नसताना, हजारो किलोमीटर दक्षिणेकडे निघायचं ठरवलं, ती निवड नव्हती का? बारा दिवसांत आठ देश दाखवणाऱ्या टूरमध्ये बसून गाइडच्या छत्रीमागे चालणाऱ्या माणसापेक्षा तिनं कितीतरी जास्त निवडलं होतं. धाडस म्हणाल तर तिचं. तरीही तिच्या त्या वाटचालीला ‘अॅडव्हेंचर’ म्हणायला जीभ रेटत नाही.

रेटत नाही, कारण तिच्यामागे घर उरलेलं नव्हतं. साहसाला हाल लागतात, धोका लागतो, पण त्याहून आधी लागतं ते परतीचं तिकीट. बर्फात झोपणाऱ्याला आपली गादी कुठं आहे हे ठाऊक असतं. घरी कुणीतरी दार उघडणार आहे, या खात्रीवर तो कुडकुडण्याची मजा घेतो. यात लबाडी काही नाही. उलट ती खात्री आहे म्हणून तर त्याला आकाश बघायला उसंत मिळते. पण ती खात्री त्यानं कमावलेली असतेच असं नाही, हे त्याच्या ध्यानात राहत नाही.

आणि परतीचं तिकीट ही काही पक्की चीज नव्हे. याचं उदाहरण कोल्हापुरातच आहे. उचगावच्या डोक्यावरून विमानं उतरतात तो उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या नावानं ओळखला जातो. ते शाहू महाराजांचे चिरंजीव. माझ्या मनात आहेत ते त्यांच्याही आधीचे राजाराम. १८७० साली, विशीत असताना, ते बोटीनं युरोपला गेले. सोबत कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी आणि आपली माणसं. इंग्लंड पाहिलं, रोजनिशी लिहिली, तीही इंग्रजीत. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला ते आजारी अवस्थेत पोचले आणि ३० नोव्हेंबरला तिथंच गेले. वय वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि अशा शहरात नदीकाठी उघड्यावर चिता रचायची म्हणजे काय, हे तिथल्या नगरपालिकेला नवंच होतं. परवानगी मिळाली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कॅशिने नावाच्या बागेच्या टोकाला, अग्नी दिला गेला. आपल्याकडे प्रयाग चिखलीला संगमाचं जे महत्त्व आहे ते मनात असलेल्या माणसांनी परक्या मुलखात संगम शोधून काढला, हे मला त्या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं धाडस वाटतं. पुढे तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसला. त्या स्मारकाचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. १९७० च्या दशकात जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्याला लोक ‘इंडियानो’चा पूल म्हणतात. म्हणजे हिंदी माणसाचा पूल. करवीरच्या छत्रपतींचं त्या शहरात उरलेलं नाव एवढंच.

त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्टनं संपादित करून १८७२ मध्ये छापली. ज्याच्या देखरेखीखाली प्रवास झाला, त्याच्याच हातून तो जगापुढे आला. त्या पोरवयाच्या राजाला लंडनच्या थंडीत रात्री खरंच काय वाटलं असेल, हे त्यात कितीसं उतरलं असणार? (आपल्याही स्टोरीज कुणीतरी बघणार आहे हे धरूनच काढलेल्या असतात, आपला कॅप्टन वेस्ट खिशातच असतो, एवढाच फरक.)

याच्या नेमकं उलट टोक म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून मथुरेच्या यज्ञातली दक्षिणा मिळवायला १८५७ साली निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. झाशी पडताना ते झाशीत होते. कमावलेलं लुटलं गेलं. शेवटी परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. ‘माझा प्रवास’ छापून आलं ते थेट १९०७ मध्ये. त्यांच्या लेखी ते साहस नव्हतंच. पैसे मिळवायला गेलो आणि जीव घेऊन आलो, असा साधा हिशेब. म्हणून तर ते पुस्तक आजही सुटत नाही हातातून.

देशाटनानं माणूस शहाणा होतो, हे आपल्याकडून शाळेत पाठ करून घेतलेलं असतं. शहाणा होतो तो जाणारा, असं आपण गृहीत धरतो. पण १९४३ ते ४८ या काळात वळिवडे, उचगाव, कोल्हापूर इथली जी माणसं जागची हललीही नाहीत, त्यांच्यापर्यंत युरोप स्वतः चालत आला. भाषा न कळता देणंघेणं कसं चालतं, दुसऱ्या देवाचे सण कसे असतात, घर गमावलेला माणूस हसतो कसा, हे त्यांना तिकीट न काढता बघायला मिळालं. काही पोलिश मुलींनी इथं लग्नं केली आणि त्या इथल्याच झाल्या. मला हे देशाटनच वाटतं, फक्त उंबऱ्याच्या आतून केलेलं.

इथं एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण अलीकडे या कॅम्पबद्दल आपली छाती जरा जास्तच फुगते. कोल्हापूरनं जागा दिली, सामावून घेतलं, हे खरं. पण खर्च उचलला तो मुख्यतः लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारनं. ज्या पाहुण्याचा खर्च दुसरा कुणी देतो, त्याचं आतिथ्य करणं तुलनेनं सोपं असतं. वॉर्सामध्ये कोल्हापूर कॅम्पचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं जाऊन वंदन केलं, आणि आपल्या ग्रुपवर ते फोटो दिवसभर फिरले. ठीक आहे. पण आतिथ्याची परीक्षा आजही चालू आहे, आणि तिचे फोटो कुणी फिरवत नाही.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि बीडकडून, मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. राहायला रानाच्या कडेला खोप : बांबू, पाचट, वर ताडपत्री. पहाटे तीन-चारला उठून फडात, कडाक्याच्या थंडीत, ओल्या पाल्यात. उघड्यावर चूल, उघड्यावर अंघोळ, वर चांदण्यांनी भरलेलं आभाळ.

त्याच थंडीत कोल्हापूरची पोरं शनिवारी राधानगरीच्या वाटेनं टेंट घेऊन जातात. दाजीपूरच्या कडेला कुठंतरी माणशी पैसे भरून ताडपत्रीखाली झोपतात. उघड्यावर चूल, उघड्यावर चांदणं. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. टेंटमध्ये झोपणाऱ्यानं लाजून घरी बसावं, असंही मला म्हणायचं नाही. गव्यांचा कळप धुक्यातून निघताना एकदा तरी पाहावा. पण दोन ताडपत्र्यांमधला फरक शोधताना परत तिकिटाशीच यावं लागतं. टोळीलाही गाव आहे, पाडव्याच्या सुमारास ती परत जाणार आहे. फक्त तिचं परतीचं तिकीट तिच्या खिशात नसतं, ते मुकादमाच्या वहीत असतं. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाची तारीख आजच ठरते.

मग जो स्वतःच्या मर्जीनं जाऊन सुखरूप परत येतो, त्याच्यावर काही देणं लागतं का? जुनी माणसं म्हणायची, लागतं. आमच्या आजीच्या पिढीत काशीला जाऊन आलेला माणूस मावंदं घालायचा. गंगेच्या गडूची पूजा, मग पंगत. ज्यांना जाता आलं नाही त्यांच्या हातावर तीर्थ आणि पानात पुरणपोळी. ‘मी पाहिलं’ हे सांगायची पद्धतच अशी होती, की ऐकणाऱ्याचं पोट भरल्याशिवाय गोष्ट सुरूच व्हायची नाही. स्टोरी बघून कुणाचं पोट भरत नाही; फार तर भूक वाढते. अर्थात त्या पंगतीत कोण कुठं बसत होतं आणि कोणाला बोलावणंच नव्हतं, हेही विसरता येत नाही. मावंदं जसंच्या तसं परत आणायचं म्हटलं तर मीच नको म्हणेन. त्यातलं एवढंच घ्यावंसं वाटतं, की परत आलेला माणूस न गेलेल्याचं काहीतरी देणं लागतो, आणि ते देणं फोटोंनी फिटत नाही.

काय द्यायचं, याची यादी माझ्याकडे नाही. पण वळिवड्याच्या कॅम्पातलं काय टिकलं ते पाहिलं तर थोडा अंदाज येतो. बराकी गेल्या, पेठ आली, कोल्हापुरात महावीर उद्यानात एक स्मृतिस्तंभ उभा राहिला. आणि कॅम्पात वाढलेली पोरं म्हातारी होऊन इथं परत आली, २०१९ मध्येही आली. आपली शाळा कुठं होती, चर्च कुठं होतं, नदीकडे जायची वाट कुठली, हे कापडाच्या दुकानांमधून शोधत फिरली. ज्या जागी त्यांना नशिबानं फेकलं होतं, तिथं ती या वेळी स्वतःहून आली. पाच वर्षं त्यांना इथं शाळा मिळाली होती, वर्ग बुडाला नव्हता.

फडाच्या कडेच्या खोपीत आत्ता जे पोर धाकट्या भावाला सांभाळत बसलंय, ते ऐंशीव्या वर्षी इकडे काही शोधत येईल का, ते मला माहीत नाही. काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या, काही ठिकाणी बंद पडल्या. टोळी येते तेव्हा गावातल्या शाळेचं पहिलं सत्र संपलेलं असतं, आणि टोळी जाते तेव्हा परीक्षा जवळ आलेल्या असतात.