कर नाही त्याला डर कशाला?

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. शासनाच्या नजरेचा विषय निघाला की ती हमखास ऐकू येते. चौकातला कॅमेरा असो, आधारसाठी दिलेले बोटांचे ठसे असोत की मोबाइलमधील तपशील असोत, ज्याने काही केलेच नाही त्याने घाबरावे कशाला, असे विचारून चर्चा संपवली जाते. आम्हा मुसलमानांना तर हा प्रश्न जरा अधिकच जोरात विचारला जातो. नकार द्यावा तर संशय वाढतो. मान डोलवावी तर मन तयार होत नाही. म्हणून या म्हणीचाच एकदा नीट विचार करावा, असे आम्हाला वाटते.

नागपुरात गेल्या दशकात चौकाचौकांत हजारो कॅमेरे लागले. ते नकोतच, असे आम्ही म्हणणार नाही. मुलींची छेड काढणारा टवाळखोर, धडक देऊन पळालेली गाडी, हरवलेले मूल यांचा माग त्यातून लागतो. १७ मार्च २०२५ रोजी महाल भागात दंगल उसळली आणि शहरातील अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, तेव्हा शांततेचे मोल सर्वांनाच कळले. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याची चूल अशा वेळी आधी विझते. म्हणून सुरक्षितता ही श्रीमंतांची चैन आहे असे समजू नये. दंगलखोर, मग तो कोणत्याही धर्माचा असो, पकडला गेलाच पाहिजे.

त्या दंगलीनंतर पोलिसांनी कॅमेऱ्यांतील चित्रण आणि मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून माणसे ओळखली. पण माणूस कोठे उभा होता एवढेच कॅमेरा सांगतो. का उभा होता, ते सांगत नाही. दगड घेऊन आलेला आणि धाकट्या भावाला शोधायला आलेला, दोघेही एकाच चित्रात दिसतात. तेच चित्रण निरपराध माणसाला सोडवूही शकते. मात्र ते त्याच्या वकिलाच्या हाती वेळेवर पडले पाहिजे. चित्रण किती दिवस ठेवायचे, कोणी पाहायचे, कोणाला मागता यायचे, हे ठरवायला कायदाच लागतो. त्यातच २०२४ साली राज्य शासनाने पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्व्हल' नावाची कंपनी नागपुरातच स्थापन केली. यंत्राचा अंदाज चुकला तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न म्हणूनच आमच्या दारातला आहे.

'कर' नसलेल्या माणसालाही 'डर' कसा असतो, हे खडकसिंगच्या प्रकरणात दिसले. उत्तर प्रदेशातल्या या माणसावर १९४१ साली दरोड्याचा आळ आला. पुरावा मिळाला नाही म्हणून त्याला सोडून दिले. तरीही पोलिसांच्या वहीत त्याचे नाव राहिले आणि रात्री-अपरात्री दार ठोठावणे चालू राहिले. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असेही बहुमताने सांगितले.

ही चूक सुधारायला पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. नागपूरचे शरद बोबडे त्या पीठावर होते. याच निकालाने आणखी एक जुना डाग पुसला. आणीबाणीतही स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येते, असे म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ते मत उलटवले होते. २०१७ च्या पीठाने १९७६ चा तो निकालच चुकीचा ठरवला. शासनाला नागरिकाच्या खासगीपणात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा, अशी कसोटीही पीठाने घालून दिली.

मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचे नाव आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. वैयक्तिक माहितीच्या कायद्याचा पहिला मसुदा २०१८ साली त्यांच्याच समितीने दिला. सुरक्षेसाठी शासनाला सूट असावी, पण ती कायद्याने दिलेली, आवश्यक आणि प्रमाणात असावी, असे त्यात होते. २०२३ साली प्रत्यक्षात झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून वगळू शकते. आवश्यकतेचे आणि प्रमाणाचे शब्द तेथे नाहीत. कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि वगळलेल्या यंत्रणेला काहीच नाही! तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाच्या नेमणुकाही केंद्र सरकारच्याच हाती.

याच कायद्याने माहिती अधिकाराचे कलमही बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहिती द्यावी, असे त्या कलमातच लिहिले होते. आता 'वैयक्तिक' एवढे म्हटले तरी नकार देता येतो. जनहिताची वाट कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण ती अधिकाऱ्याच्या दारातून जाते. नागरिकाचे सारे उघडे आणि शासनाचे सारे झाकलेले, अशा तराजूला समतोल कसे म्हणावे?

आणखी एक कायदा २०२२ चा आहे. अटक झालेल्यांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची छबी आदी नोंदी त्यानुसार ७५ वर्षे ठेवता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंदी नष्ट कराव्यात, अशी तरतूद त्यात आहे. पण सुटून आलेल्या मजुराला हे सांगणार कोण? नोंद पुसली गेली की नाही, याची खात्री त्याला कशी पटणार? खडकसिंगच्या नावाची वही कपाटात होती. आता तीच वही यंत्रात आहे, आणि यंत्र विसरत नाही.

आम्हाला मिळालेला वारसा याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्याचे दोष हुडकत फिरणे, म्हणजे तजस्सुस, कुराणाच्या सूरह हुजुरातमध्ये निषिद्ध मानले आहे. रिवायतीत खलिफा हजरत उमर यांचा एक किस्सा सांगतात. रात्रीच्या गस्तीवर एका घरातून आवाज आला, तेव्हा ते भिंत चढून आत उतरले आणि घरमालकाला दारू पिताना पकडले. तो म्हणाला, 'मी एक गुन्हा केला, आपण तीन केले. हेरगिरी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम न करता घरात शिरलात.' उमर यांनी त्याला सोडून दिले. दारू हलाल झाली नाही. पण राज्यकर्त्यालाही दार असते आणि त्याने त्या दारानेच आले पाहिजे, एवढे ठरले.

मात्र हा किस्सा शासनाला ऐकवताना आपणही ऐकावा. मुलीचा मोबाइल तिच्या नकळत तपासणारे भाऊ आपल्या घरांत आहेत. बागेत बसलेल्या जोडप्याचे चित्रण करून मोहल्लाभर पाठवणारे तरुणही आपलेच. तेही 'कर नाही तर डर कशाला' हेच म्हणतात. जो हक्क आम्ही घरात देत नाही, तो दिल्लीकडे कोणत्या तोंडाने मागणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. नजर ठेवायची तर कारण लेखी असावे, मुदत ठरलेली असावी आणि त्यावर न्यायाधीशाची देखरेख असावी. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसली गेल्याचा कागद त्याच्या हाती द्यावा. शासनाचा हेतू स्वच्छ असेल तर यातले काहीच त्याला जड जाऊ नये. कर नाही त्याला डर कशाला?