पात्र कोण?

आमच्या सौंसरात दुखणं हाताबाहेर गेलं की एकच वाक्य ऐकू येतं, "मेडिकलले न्या." मेडिकल म्हणजे नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. 1947 साली ते सुरू झालं तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं आणि आपला छिंदवाडा जिल्हाही त्याच प्रांतात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 साली आपला पांढुर्णा जिल्हाही वेगळा झाला. नकाशे बदलले, दुखण्याची वाट तीच राहिली.

मग कुणी विचारतं, परराज्यातल्यांनी तिथे गर्दी का करावी? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. दान पात्र पाहून करावं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते पात्रदानाबद्दल. मुनी, आर्यिका, श्रावक यांच्याबद्दल. करुणादानात गुण पाहायचे नसतात, दुःख पाहायचं असतं. रक्तबंबाळ माणसाला गाव, जात, धर्म विचारत बसलो, तर ती करुणा कसली?

कुणी म्हणेल, सरकारी दवाखाना करातून चालतो, त्यात दान कुठं आलं? खरं आहे. कर भरून लोभ सुटत नाही. पण खाटेवरच्या बाईच्या बाजूनं पाहा. तिच्यासमोर कुणी दाता उभा नसतो. कुणाचे उपकार मानून तिला मान खाली घालावी लागत नाही. औषधदानाची पाटी नसलेलं हे औषध मला म्हणूनच मोलाचं वाटतं.

मग आपल्याला करण्यासारखं काय उरतं? वॉर्डात केळी वाटून फोटो काढणं नव्हे. बायांनो, वैयावृत्त्य आपल्याकडे अंतरंग तपात मोजलं आहे. तप म्हणजे ते स्वतःच्या देहानं करावं लागतं, पावती फाडून भागत नाही. परक्या शहरात केसपेपरची खिडकी कुठली, रक्त कुठं मिळतं, हे न कळून एखादी बाई कॉरिडॉरमध्ये उभी असते. रात्रभर जागलेल्या एखादीला अर्धा तास डोळे मिटायचे असतात, पण रोग्याजवळ बसायला कुणी नसतं. तिच्या जागी अर्धा तास बसणं, हे सोपं दिसतं. तिथला वास, कण्हणं, परक्याची घाण सहन करून बसावं लागतं, तेव्हा त्याला तप का म्हटलं ते कळतं.

आणि तिथे बसताना ती पात्र आहे का हे विचारू नये. विचारायचंच तर, आपण आहोत का, हे विचारावं.