नवस कोणाचा, खांदा कोणाचा

ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन आमच्या जबलपुरातच होता. १८४४ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने पचमढीच्या महादेव डोंगरावरची एक भयंकर रीत नोंदवली आहे. मूल न होणारी बाई पहिला मुलगा महादेवाला वाहायचा नवस बोले. मुलगा वयात आला की आई त्याला ते सांगे, आणि तो जत्रेत चार-पाचशे फुटांच्या कड्यावरून उडी टाके. साहेबाचं सगळंच मी खरं मानत नाही. पण बोलायचं एकाने आणि फेडायचं दुसऱ्याने, हा कुठला न्याय?

प्रश्न घरचाच आहे. आम्ही मूळचे वरुडकडचे. चार वर्षांचा असताना मी तापाने फणफणलो, तेव्हा आजीने पचमढीच्या मोठ्या महादेवाला त्रिशूळ कबूल केला. मी बरा झालो, पुढे आजी गेली, आणि नवस माझ्या गळ्यात आला. विदर्भातले पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, छिंदवाड्याकडून येतात. मी मात्र जबलपूरहून पिपरियाला उतरून पचमढी गाठली. पुढे चौरागडाच्या, त्या महादेवाच्या डोंगराच्या, हजारावर पायऱ्या. त्रिशूळ आडवा धरला की मागच्याला लागे. शेवटी अमरावतीकडच्या एका बाई म्हणाल्या, "भाऊ, टोकाले लिंबू खोचा अन् उभाच धरा त्याले."

वर त्रिशुळांचा ढीग, गंजलेला, शेंदराने माखलेला. देवाला एवढ्या लोखंडाचं काय करायचं? नवसाला लोक लाच म्हणतात, ते मला पटत नाही. लाच काम होण्याआधी देतात; हे काम झाल्यावर देणं, आणि वसुलीला कोणी येत नाही. मी गेलो नसतो तर महादेवाने माझा ताप परत पाठवला नसता. तरी गेलो, कारण त्या रात्रीची आजीची भीती अजून कोणी फेडली नव्हती.

पलीकडे नागदेवाच्या नागद्वारीच्या वाटेवर काजरी नावाचं गाव आहे. वाघांचं जंगल; वाट नागपंचमीच्या आसपास थोडे दिवसच उघडते. सांगतात, काजरी नावाच्या बाईने मुलासाठी नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालायचा नवस बोलला. मुलगा झाल्यावर ती स्वतः काजळ घेऊन गेली, आणि देवाचं रूप पाहून तिथेच गतप्राण झाली. स्लीमनने लिहिलेल्या त्या आईपेक्षा मला काजरी मोठी वाटते. तिने दुसऱ्याचं काहीच गहाण टाकलं नाही.

आमच्या मुलाच्या बारावीला बायकोनेही त्रिशूळ बोलायचं काढलं. मी म्हटलं, "बोल, पण नेणार कोण ते आधी ठरव."

"तुम्हीच," ती म्हणाली. "तुम्हाला वाट माहीत आहे."