उसनी हाक

गेल्या नाताळात आमचा पुतण्या अमेरिकेतून सुट्टीवर आला होता. विस्कॉन्सिन राज्यात तो काही वर्षांपासून नोकरीनिमित्त स्थायिक आहे आणि तेथील धर्मग्रामातील स्नेह्यांच्या संगतीने त्याला हरणाच्या शिकारीची गोडी लागली आहे. तिकडे ही रीतसर परवाना काढून, ठरावीक हंगामात करावयाची गोष्ट आहे. एका संध्याकाळी आम्ही सारे ओटीवर बसलो असता त्याने खिशातून वीतभर लांबीची एक काळी नळी काढली आणि तिच्यात फुंकर घातली. घशाच्या तळातून यावी तशी खोल गुरगुर उमटली. "हा नर," तो म्हणाला. मग नळीतली पट्टी किंचित सरकवून त्याने पुन्हा फुंकले. या वेळी निघालेला आवाज बारीक, चिरका आणि काळजाला हात घालणारा होता. "आणि हे पाडस."

त्याच क्षणी मागल्या अंगणात बांधलेली शेळी धडपडून उठली आणि दावे ताणून ओरडू लागली. तिचे करडू आदल्याच दिवशी तिच्यापासून वेगळे बांधले होते.

सारे हसले. आमच्या वहिनी, म्हणजे त्या मुलाची आई, तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारले, "बाळा, तिकडे हा आवाज ऐकून हरीण येतं, ते भांडायला येतं की कुणाला सोडवायला?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याने आम्हाला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे आमच्या वाचकांपैकी कुणी नळी घेऊन रानात जाणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही एखाद्या जीवाला त्याच्याच आप्ताच्या आवाजाने बोलावून मारणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न केवळ शिकाऱ्यांचा नाही, असे आम्हाला वाटते.

प्रथम ही रीत नीट समजून घेऊ. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या नराला आपल्या सांबर-चितळांप्रमाणे फाट्यांची शिंगे असतात. ती दर वर्षी गळतात आणि पुन्हा नवी येतात. नोव्हेंबर महिना हा त्या उत्तरेकडील मुलखात माजाचा काळ. एरवी सावलीलाही बुजणारा नर या दिवसांत तहानभूक विसरून माद्यांच्या मागे हिंडतो आणि दुसरा नर दिसताच शिंगाला शिंग भिडवतो. शिकारी झाडावर बांधलेल्या बैठकीवर चढून बसतो. त्याच्याजवळ गळून पडलेल्या शिंगांची एक जोडी असते. ती तो एकमेकांवर आपटतो, घासतो, फाट्यांत फाटे अडकवून पिळतो. मग थांबतो आणि कान देतो. दूर कोठेतरी दोन नरांची झुंज जुंपली आहे असा भास त्या रानात निर्माण होतो. मधूनच नळीतून नराची गुरगुर काढली जाते, कधी मादीची साद. सगळे जमून आले तर झाडीतून एक नर मान ताठ करून बाहेर पडतो. वयाने मुरलेला नर बहुधा सरळ येत नाही. तो वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो. कारण कानाने जे ऐकले ते नाकाने पडताळून पाहिल्याशिवाय त्याला खरे वाटत नाही. माणसाचा वास आला की तो क्षणात नाहीसा होतो.

आपल्या देशालाही ही युक्ती अपरिचित नव्हती. अकबराच्या काळी शिकवलेल्या हरणाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातल्या कळपाकडे सोडत. रानातला नर झुंजायला येई आणि त्या जाळ्यात अडके. अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त याचे वर्णन आहे.

शिकाऱ्याची बाजूही आम्ही पुतण्याकडून ऐकून घेतली आणि ती हलकी नाही. अनिर्बंध शिकारीमुळे १९०० च्या सुमारास अमेरिकेत ही हरणे फारच थोडी, काही लाखांच्या घरात, उरली होती. पुढे कायदे झाले, संरक्षण मिळाले, आणि आज त्यांची संख्या सुमारे ३ कोटी मानली जाते. त्यांना मारून खाणारे लांडगे मात्र बहुतेक मुलखांतून माणसाने आधीच नाहीसे केले. परिणामी हरणे पिके खातात, जंगलातील कोवळी रोपे वाढू देत नाहीत आणि रस्त्यावर मोटारींखाली येऊन मरतात. मारलेल्या हरणाचे मांस शिकाऱ्याच्या घरी वर्षभर पुरते. अनेक ठिकाणी ते गरिबांच्या अन्नछत्रांनाही दिले जाते. शिवाय आमचा पुतण्या धनुष्यबाणाने शिकार करतो. बाण वर्मी लागायचा तर हरीण पंचवीस-तीस पावलांच्या आत यावे लागते. लांबून मारलेला बाण चुकला तर ते जखमी होऊन दोन-दोन दिवस तडफडते. "काका, मी हाक मारतो ती ते जवळ यावं म्हणून. जवळ आलं तरच ते पटकन मरतं," तो म्हणाला. याला काय उत्तर द्यावे? सणासुदीला डुकराचे मांस आवडीने शिजवणाऱ्या आम्ही मंडळींनी हत्येच्या नावाने त्याला दोष देणे हा निव्वळ ढोंगीपणा झाला असता.

तेव्हा प्रश्न मारण्याचा नसून फसवण्याचा आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्याला कोठेही सवलत दिली नाही. चांगल्या हेतूने बोललेले असत्यही त्यांनी पापच मानले. संत थॉमस अक्वायनस यांनी युद्धात दबा धरून बसणे न्याय्य आहे काय, या प्रश्नाचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. आपला बेत शत्रूला न कळू देणे ही एक गोष्ट, आणि त्याला खोटे सांगून किंवा दिलेले वचन मोडून फसवणे ही दुसरी. पहिली त्यांना मान्य आहे, दुसरी नाही. हा भेद शिकारीला लावून पाहिला तर झाडावर चुपचाप बसणारा शिकारी पहिल्या बाजूला पडतो. तो काही सांगतच नाही. हाक मारणारा मात्र सांगतो, आणि जे नाही ते सांगतो.

पण हरणाशी खोटे बोलता येते काय? असत्याला दोन बाजू लागतात. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात शब्दांचा काही करार असावा लागतो. तो मोडला म्हणजे असत्य. हरणाशी आपला असा करार नाही. त्याने आपल्या शब्दावर कधी विश्वास टाकला नाही. उलट आपला नुसता वास आला तरी ते पळते. म्हणून काटेकोर अर्थाने हे असत्य नव्हे, हे आम्ही मान्य करतो. येथेच थांबता आले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

आमच्या लहानपणी गावात कुणाच्या गाईचे वासरू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करीत. गाय ते चाटे आणि पान्हा सोडी. त्या दुधावर आम्ही वाढलो. तीही फसवणूकच होती. परंतु घरातली जाणती बाई दूध काढून झाल्यावर गाईच्या मानेवरून हात फिरवी, तिच्यापुढे आंबोण ठेवी आणि म्हणे, "तुझं घेतलंय हो बये." त्या उद्गारात आम्हाला आज सबंध नीतिशास्त्र दिसते. गाईचे वात्सल्य आपण उसने घेतले आहे, याची तिला जाणीव होती.

हाकेचेही असेच आहे. दबा धरणारा शिकारी स्वतःचे मौन वापरतो; ते त्याचे आहे. हाक मात्र त्याची नाही. ती हरणाच्या जातीची आहे, परमेश्वराने त्यांना एकमेकांसाठी दिलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या आधाराने नराला मादी भेटते आणि पाडसाला आई. शिकारी त्यांच्याच घराची किल्ली घेऊन दार उघडतो. उसने घेतलेल्या वस्तूचा काही हिशेब असतो, तसा याही उसनवारीचा असलाच पाहिजे.

'उत्पत्ती'च्या पुस्तकात हरणाच्या मांसावरून घडलेली एक फसवणूक आहे. वृद्ध, अंध इसहाक आपल्या शिकारी मुलाला, एसावाला, शिकार आणायला पाठवतो. तो रानात असताना याकोब करडाचे कातडे हाताला गुंडाळून आणि भावाची वस्त्रे घालून पित्यापुढे उभा राहतो. इसहाकाच्या कानाला शंका येते. हा आवाज एसावाचा नाही, हे त्याने ओळखले होते. स्पर्शाने आणि वासाने तो फसला. नोव्हेंबरातल्या त्या हरणाचे नेमके उलट होते. त्याचा कान फसतो आणि नाक त्याला वाचवते. इसहाक फसला तो आपल्या मुलावरील मायेमुळे. ज्याला कशाचीच ओढ नाही, त्याला हाक मारून फसवता येत नाही.

म्हणूनच कोणत्या ओढीला हाक घातली, हे महत्त्वाचे ठरते. शिंगांच्या आवाजाला येणारा नर आपल्या अभिमानापोटी येतो. झुंजीत मरण्याची जोखीम त्याने तशीही पत्करलेली असते. मादीच्या सादेला येणारा वासनेपोटी येतो. महाभारतात किंदम ऋषी हरणाच्या रूपात मादीशी रत असताना पंडू राजाने त्याला बाण मारला. मरताना त्या ऋषीने राजाला शाप दिला. पण शिकार केली हा त्याचा आरोप नव्हता. तेवढा क्षण तू थांबला नाहीस, हा आरोप होता. आणि पाडसाच्या आवाजाला येणारी मादी? ती कशापोटी येते?

वहिनींच्या प्रश्नाला पुतण्याने प्रामाणिक उत्तर दिले. "शिंगं वाजवली तर भांडायलाच येतं, आई. पण पाडसाचा आवाज काढला तर मादी येते. पाडस तिचं नसलं तरी येते."

"आणि तू काढतोस?"

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "एकदा काढला होता. सप्टेंबरात, हंगामाच्या सुरुवातीला. ती धावत आली. इतकी जवळ की चुकणं शक्यच नव्हतं. मांस चांगलं निघालं. पण त्यानंतर ती पट्टी मी रानात कधी त्या खुणेवर नेली नाही."

कायद्याने त्याला मनाई नव्हती. त्याच्या सोबत्यांपैकी कुणी त्याला बोल लावला नव्हता. तरी त्याच्या आत कुणीतरी एक रेघ ओढली होती. तिलाच आपण सदसद्विवेक म्हणतो.

ख्रिस्तसभेच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी मोजकीच पण वजनदार शिकवण आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे, त्यांना दयाभावाने वागवणे हे आपले देणे आहे. अन्नवस्त्रासाठी त्यांचा उपयोग करणे योग्य आहे. मात्र त्यांना विनाकारण क्लेश देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे. येथे प्रतिष्ठा आपली, म्हणजे माणसाची, म्हटली आहे. हरणाला फसवले गेल्याचे कधी कळत नाही. आपण कशाचा आधार घेऊन त्याला जवळ आणले, हे आपल्याला मात्र ठाऊक असते, आणि ते आपल्या स्वभावात साचत जाते.

दुसऱ्याचे काळीज कोणत्या हाकेला धावते हे शिकून घेणे ही एक विद्या आहे. ती डॉक्टरजवळ असते, शिक्षकाजवळ असते, चांगल्या धर्मगुरूजवळ असते. तीच भामट्याजवळही असते. आज यंत्राच्या साहाय्याने परदेशातल्या मुलाचा आवाज हुबेहूब काढून, मी संकटात आहे, पैसे पाठवा, असे वृद्ध आईबापांना फोनवर सांगणारे ठग निघाले आहेत. त्या आईबापांचा दोष एवढाच, की मुलाची हाक ऐकून ते धावले. आमच्या पुतण्याला आम्ही त्या पंगतीला बसवत नाही. तो माणसांना फसवत नाही, आणि जे मारतो ते खातो. परंतु वात्सल्याचा सापळा करण्याची सवय हाताला लागू नये, रानातही लागू नये, एवढे आम्हाला निश्चित वाटते.

जर्मनीत हाक मारून शिकार करण्याची जुनी परंपरा आहे. बीच वृक्षाचे पान ओठांशी धरून तेथील शिकारी लहान रो हरणाच्या मादीची साद काढतात. मोठ्या लाल हरणाची डरकाळी काढणाऱ्यांच्या तर डॉर्टमंड शहरात स्पर्धा भरतात. त्याच देशात शिकारी मारलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतो. तिला शेवटचा घास म्हणतात. आपल्याकडे मरणाऱ्याच्या मुखात तुळशीपत्र ठेवतात, त्याची आम्हाला आठवण झाली. ज्या जीवाला आपण उसन्या आवाजाने बोलावले, त्याचे काही देणे लागतो, याची ती मूक कबुली असावी.

शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्यूबर्ट हे लिएजचे बिशप होते; इ. स. ७२७ मध्ये ते निवर्तले. ३ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन माजाच्या दिवसांत, त्यांचा सण येतो. त्यांच्याविषयीची आख्यायिका आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ती मुळात संत युस्टेस यांच्याविषयी सांगितली जाई आणि फार उशिरा ह्यूबर्टांच्या चरित्राला जोडली गेली. पण म्हणून तिचे मोल कमी होत नाही. गुड फ्रायडेच्या दिवशी ते शिकारीला गेले असता पाठलाग केलेले हरीण अचानक थांबून वळले. त्याच्या शिंगांच्या मध्ये क्रूस होता, आणि त्याने शिकाऱ्यालाच हाक मारली. ती हाक खरी होती. तिच्यामागे धनुष्य नव्हते. प्रभू येशूने स्वतःला मेंढपाळ म्हणताना मेंढरे आपला आवाज ओळखतात असे सांगितले, तेव्हा त्याच्या हाकेला ओ देणाऱ्याचा कधीही घात होणार नाही, हेच आश्वासन त्यात होते. अशा हाकेवर ज्यांचे जीवन उभे आहे, त्यांनी दुसऱ्या कुणाला हाक मारताना, मग ते माणूस असो वा जनावर, दोनदा विचार करावा.

त्या संध्याकाळी शेळीचे ओरडणे बराच वेळ थांबले नाही. शेवटी वहिनी उठल्या, करडाचे दावे सोडून त्यांनी ते तिच्याजवळ नेले आणि म्हणाल्या, "हाक मारलीत ना, मग आता हे द्यायलाच हवं." दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला घरात दूध कमी पडले. कुणी तक्रार केली नाही.