प्रारब्धाचे खाते



‘साखर निघाली’ हे दोन शब्द आपल्या एमआयडीसीत आता इतके सर्रास झालेत की ऐकणारा दचकतसुद्धा नाही. त्यावर तो जे बोलतो ते मात्र ठरलेले असते. एक तर म्हणतो, “जिभेवर ताबा पाहिजे होता.” नाहीतर म्हणतो, “प्रारब्ध आहे, भोगावंच लागतं.” पहिला दोष देतो आणि दुसरा समजूत काढतो, पण बोलून झाले की दोघेही मोकळे होतात. ही दोन्ही वाक्ये आजच्या संशोधनापुढे कितपत टिकतात आणि आपल्या दत्तसंप्रदायाच्या विचारात कितपत बसतात, हे या अंकाच्या निमित्ताने तपासावे असे मनात आले. मी वैद्य नाही. बी.कॉम. झालेला, छत्तीस वर्षे बँकेत क्लार्क म्हणून खतावण्या लिहिलेला माणूस. मला स्वतःला अकरा वर्षांपासून शुगर आहे. तेव्हा समजले तेवढे हिशेबाच्या भाषेत सांगतो.

आपण खाल्लेले अन्न साखर होऊन रक्तात येते. ही रोकड समजा. ती पेशींच्या तिजोरीत जमा व्हायची तर भरणा स्लिप लागते, ती स्लिप म्हणजे इन्शुलिन. स्वादुपिंड स्लिपा लिहिते, पेशी रोकड घेतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणाऱ्या मधुमेहात होते असे की स्लिप समोर असूनही काउंटरवरचा माणूस लक्षच देत नाही. मग स्वादुपिंड दुप्पट, तिप्पट स्लिपा लिहिते. काही वर्षे निभते, नंतर तेही दमते आणि रोकड बाहेर हॉलमध्ये साचत राहते. डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा या साचलेल्या रोकडीनेच खराब होतात. आपल्या देशात असे १० कोटींवर लोक आहेत आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींहून जास्त, असे आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये सांगितले.

आता एका किड्याची गोष्ट. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले ते आपण जाणतोच. पृथ्वी, वारा, अजगर, पतंग, मधमाशी, मासा, कोळी. नाथमहाराजांनी भागवताच्या त्याच अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, आणि पैठण काही आपल्याला लांब नाही. अवधूत आज असता तर त्याने पंचविसावा म्हणून या किड्याला घेतले असते असे मला वाटते. मातीत राहणारा, एक मिलिमीटर लांबीचा, सी. एलेगन्स नावाचा. त्याचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सिंथिया केन्यन या बाईंनी १९९३ साली दाखवले की त्याचा ‘डॅफ-२’ नावाचा एकच जीन बिघडवला तर तो दुपटीहून जास्त जगतो. नुसता जगत नाही, म्हातारपणच उशिरा येते. चार वर्षांनी, १९९७ मध्ये, गॅरी रुवकुन यांच्या प्रयोगशाळेने हा जीन ओळखला. (या रुवकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले, पण ते दुसऱ्या शोधासाठी.) माणसाच्या पेशीवर इन्शुलिनची स्लिप घेणारी जी खिडकी असते, तिचाच तो किड्यातला भाऊबंद निघाला.

मला या शोधाने बरेच दिवस कोड्यात टाकले होते. खिडकीने स्लिप घेतली नाही तर माणसाला मधुमेह होतो, आणि किडा मात्र दीर्घायुषी? वाचत गेलो तसे थोडे उमगले. इन्शुलिनचा निरोप म्हणजे शरीरासाठी ‘सुगी आहे, वाढा, साठवा’ असा निरोप. तो मंद झाला की किड्याचे शरीर वाढ थांबवून डागडुजीला लागते. माणसात इतके सरळ नाही. इक्वेडोर देशातल्या डोंगराळ भागात लॅरॉन सिंड्रोम असलेली ठेंगणी माणसे आहेत. त्यांच्या शरीरात वाढीचा निरोप जन्मतः पोहोचत नाही. त्यांना मधुमेह आणि कर्करोग जवळजवळ होत नाही असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पण म्हणून ती माणसे दीडशे वर्षे जगत नाहीत. किड्याचा हिशेब माणसाच्या वहीत जसाच्या तसा उतरत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

तरी उमेद सुटलेली नाही. मेटफॉर्मिन ही आपल्या डब्यातली स्वस्तातली गोळी, तिचे मूळ युरोपातल्या एका रानटी झाडपाल्यात आहे, ती निरोगी म्हाताऱ्यांना देऊन म्हातारपणाचे आजार लांबवता येतील का हे पाहायचा बेत न्यूयॉर्कच्या नीर बार्झिलाय या डॉक्टरांनी मांडला आहे. वार्धक्य हाच एक आजार समजून त्यावर इलाज शोधायचा, असा एकूण रोख.

इथे आपली भाविक मंडळी थबकतात. आयुष्याची दोरी देवाच्या हातात, ती माणसाने लांबवावी का? मला यात अधर्म दिसत नाही. आपण ‘शतायुषी भव’ म्हणूनच आशीर्वाद देतो. गुरुचरित्रातला पोटशूळाचा ब्राह्मण आठवा. जेवले की असह्य वेदना, म्हणून उपाशी राहून राहून कंटाळलेला, गोदावरीत जीव द्यायला निघालेला. श्रीगुरूंनी त्याला अडवले. ‘तुझे प्रारब्ध, भोग’ असे म्हणून पुढे गेले नाहीत. सायंदेवाला सांगितले, याला घरी नेऊन पोटभर जेवू घाल. सायंदेव बिचकला, जेवण दिले तर हा मरेल म्हणाला. पण श्रीगुरूंचे औषध तेच होते, अन्न.

(यावरून एक सांगायचे राहू नये. सप्ताहात पारायणाला बसणारे काही ज्येष्ठ दिवसभर निरंकार राहतात आणि शुगरची गोळी मात्र घेतात, किंवा उलट गोळीच सात दिवस बंद करतात. काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनच्या इंजेक्शनने उपाशीपोटी साखर एकदम खाली येते, माणूस पोथीवरच कोसळतो. आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी हा साखरेच्या दृष्टीने उपास नव्हेच, ती मेजवानी आहे.)

तेव्हा जगण्याची इच्छा धरणे हे पाप नाही. अडचण दुसरीकडे आहे. त्यासाठी त्याच १९९३ साली आपल्या पुण्यात काय सुरू झाले ते पाहू.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक गोष्ट खटकत होती. मधुमेहाची पुस्तके सांगत होती की हा लठ्ठ, वयस्क माणसांचा रोग. त्यांच्या ओपीडीत तर तरुण आणि सडपातळ माणसे येत होती. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांची नोंद ठेवायला सुरुवात केली, दिवस जाण्याच्याही आधीपासून. या बायांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांनी काय खाल्ले, शेतात किती काम केले, रक्तात काय होते, बाळ केवढे झाले, सगळे टिपले. बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची असतात. इथवर आश्चर्य काही नाही. आश्चर्य पुढे आहे. आपल्या बाळांच्या अंगात मांस कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण चरबी मात्र जवळपास राखलेली होती. पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्शुलिनही जास्त आढळले. म्हणजे जास्तीच्या स्लिपा लिहिणे पहिल्या श्वासाच्या आधीच सुरू झालेले!

२००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ.

आपल्या सळईच्या कारखान्यांतले कामगार डोळ्यांपुढे आणा. भट्टीसमोर आठ-आठ तास उभी राहणारी, बरगड्या मोजता येतील अशी पोरं. त्यातल्या एखाद्याची शुगर तिशीत निघते तेव्हा आपण म्हणतो, “हा तर गोड खात पण नाही, याला कशी?” आणि दुसऱ्या तोंडाने “जीभ आवरत नसेल”. त्याच्या जिभेने काय केले ते पुढचे पाहू, आधी खाते उघडताना आरंभीची शिल्लक काय होती ते विचारायला नको?

पुण्याच्या त्या बायांपैकी जवळपास दोनतृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे मिळते दुधातून, अंड्यातून, मांसमच्छीतून. आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असले तर तिच्या मुलात सहाव्या वर्षीच इन्शुलिनकडे दुर्लक्ष करण्याची खोड जास्त दिसली. ज्या बायांनी पालेभाजी आणि फळे जास्त वेळा खाल्ली त्यांची बाळे मोठी होती. ज्यांना अंगमेहनतीचे काम जास्त, त्यांची लहान. यात नवे काय ते सांगा. घरातले दूध आधी चहाला, मग पोरांना, मग कर्त्या पुरुषाला, आणि सूनबाई सगळ्यांत शेवटी भांड्याच्या बुडाशी काय राहील ते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. हे बी-१२ च्या तक्त्यात दिसू लागले एवढेच.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवले, लोक कंदमुळे खाऊन राहिले. तेव्हा पोटात असलेली मुले पन्नाशीत आल्यावर तपासली तर त्यांच्या शरीराला साखर पेलत नव्हती. आणि ज्यांचा गर्भ त्या उपासमारीत राहिला, त्यांच्या इन्शुलिनसारख्याच एका वाढीच्या द्रव्याच्या जीनवर साठ वर्षांनंतरही वेगळ्या खुणा सापडल्या. जीन तोच, शेरा वेगळा. हे वाचताना मला १९७२ चा दुष्काळ आठवला. मी सातवीत होतो. आमच्या गावाकडे दुष्काळी कामावर बाया खडी फोडायच्या, त्यांत पोटुशा बायाही असत. मिलो ज्वारीची भाकर आणि सुकडी. त्या पोटातली मुले आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत आणि लॅबच्या बाकावर उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेली असतात.

आता प्रारब्धाकडे येऊ. आपल्या शास्त्रात तीन खाती आहेत. संचित म्हणजे जन्मोजन्मीची एकूण ठेव. प्रारब्ध म्हणजे त्यातला मुदत भरलेला, या जन्मी हातात पडलेला हप्ता. क्रियमाण म्हणजे आजची रोजकीर्द, आपण रोज करतो त्या नोंदी. मला ही मांडणी पटते, आजही पटते. चालणे, जेवणातला भात कमी करणे, गोळी वेळेवर घेणे हे माझे क्रियमाण. माशाला गुरू करताना अवधूताने जिभेबद्दल जे सांगितले ते खोटे ठरलेले नाही.

पण प्रारब्धाचा जो हप्ता पुण्याच्या त्या बाळांच्या खात्यात पडला, त्यावर सही कोणाची आहे? आईच्या ताटाची, म्हणजेच ताट वाढणाऱ्या घराची आणि मजुरी ठरवणाऱ्या गावाची. यावर एक स्नेही म्हणाले, “अशाच पोटी जन्म मिळणं हेसुद्धा पूर्वकर्मच की!” असेल. मी वाद घालत नाही. पण बँकेत बसून एक शिकलो, कर्जदार स्वतः म्हणाला ‘माझं कर्ज आहे, फेडीन’ तर तो सज्जन. शेजाऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवून ‘त्याचं कर्ज आहे, फेडू दे’ म्हटले तर त्यात शेजाऱ्याचा सज्जनपणा काहीच नाही. प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःच्या भोगापुरता वापरावा. दुसऱ्यासाठी वापरला की तो हात झटकण्याचा शब्द होतो. श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणासाठी तो वापरला नाही.

म्हणून आयुष्य लांबवण्याच्या संशोधनाबद्दल माझा प्रश्न देवाच्या दोरीचा नाही, क्रमाचा आहे. मधमाशी साठवत बसते आणि मध काढून नेणारा भलताच, हे दोघेही अवधूताचे गुरू. ज्याची सत्तरी बरी गेली त्याला नव्वद मिळावीत म्हणून पैसा ओतला जातो, आणि ज्याची तिशीच आईच्या पोटात खर्ची पडली त्याच्या वाट्याला उपदेश. टोरांटोत १९२१-२२ मध्ये इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि सोबत्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले होते. तेही संशोधनच होते.

पुण्याचे काम थांबलेले नाही. पहिल्या वेळी टिपलेली बाळे मोठी झाली. २०१२ पासून त्यांतल्या मुलामुलींना रोजच्या गरजेइतके बी-१२ देऊन पाहिले गेले, लग्नाआधी, पुढच्या पिढीसाठी. मग त्यांची बाळे वजनकाट्यावर आली.

आपल्या मंदिराच्या आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांत बिहार-यूपीकडची, परतूर-मंठ्याकडची कामगार कुटुंबे राहतात. दत्तजयंतीच्या महाप्रसादाला ती येतात, एक दिवस. अन्नदान खात्यातून तिथल्या गरोदर बायांना नऊ महिने रोज पाव लिटर दूध देता येईल का, असा विषय मी समितीपुढे ठेवला आहे. खजिनदार साहेबांनी आकडेमोड मागितली आहे. ती मी जयंतीच्या आधी करून देणार आहे.