सादळू नये म्हणून

आषाढ लागला की चिंचवडच्या घराघरांत एक तक्रार ठरलेली असते: सादळलं. मीठ सादळतं, पापड सादळतो, काडेपेटीतल्या काडीचा गूल सोलून निघतो. छप्पर शाबूत असतं, खिडक्या बंद असतात, पावसाचा एक थेंबही आत आलेला नसतो. तरी ओल येतेच, कारण ती हवेतून येते. कोसळणारा पाऊस निदान दिसतो, म्हणून माणूस छत्री उघडतो. दमट हवेला कुणी छत्री धरत नाही.

या न दिसणाऱ्या ओलीशी ज्यांची जन्माची गाठ होती, ते म्हणजे ठासणीची बंदूक बाळगणारे. कोकणात आणि घाटमाथ्यावर रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची अशी बंदूक घरात असायची. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचे दिवस संपले. पण पावसाळ्याच्या रात्री भाताच्या राखणीला बसणाऱ्याला बंदूक नेमकी ओल्या दिवसांतच लागणार, हे काही बदललं नाही.

या बंदुकीत सगळा माल नळीच्या तोंडातून भरायचा. आधी मोजून दारू, मग बोळा, मग गोळी किंवा छर्रे, आणि वरून गजाने ठासायचं. नळीच्या मागच्या बाजूला एक पोकळ बोंडी असते. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. टोपीच्या आत तळाशी स्फोटक द्रव्याचा पातळसा थर. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, ठिणगी बोंडीतून आत उतरते आणि दारू पेट घेते. ही वाट इतकी अरुंद की गवताची काडी जेमतेम जावी. तिथे ओल शिरली की टोपी फुटते, पण बार उडत नाही. टोपीच सादळली असेल तर तेवढंही नाही. घोडा नुसता ‘टक्’ करून गप्प बसतो. नेम अचूक, हात स्थिर, डुक्कर समोर, आणि बंदूक मुकी.

म्हणून जाणता माणूस टोप्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवी. टोपी बोंडीवर चढवली की तिच्या कडेने बोटाने मेण दाबायचं. घोडा आणि टोपी चामड्याच्या तुकड्याने झाकायची, चालताना नळीचं तोंड जमिनीकडे ठेवायचं. आणि एक बारकावा: रात्रभर थंडीत राहिलेली बंदूक तशीच उबदार घरात आणायची नाही, कारण गार लोखंडावर घरातलीच वाफ दव होऊन बसते. पाऊस चुकवून आलेली बंदूक मग चुलीजवळ भिजते.

खरं तर ही टोपी म्हणजेच ओलीवरचा उपाय होता. तिच्याआधी चकमकीच्या बंदुका होत्या. त्यांत चकमकीची ठिणगी नळीबाहेरच्या उघड्या खोबणीतल्या दारूवर पडे, आणि सर आली की ती दारू भिजे. 1807 साली अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने, जो स्वतः पक्ष्यांचा शिकारी होता, आघाताने पेटणाऱ्या द्रव्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्यानंतर काही वर्षांनी आली. 1834 साली इंग्लंडात वूलिच इथे दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी 6000 बार काढून पाहिले. चकमकीची बंदूक 922 वेळा फसली, टोपीची 36 वेळा. पुढे मे 1841 मध्ये इंग्रजांच्या चीनशी चाललेल्या युद्धात कँटनजवळ मद्रासच्या 37व्या पलटणीची एक तुकडी वादळी पावसात वाट चुकून वेढली गेली. हिंदी शिपायांच्या हातांत अजून चकमकीच्याच बंदुका होत्या, त्या भिजून निकामी झाल्या, आणि ते संगिनी रोखून उभे राहिले. त्यांच्या सुटकेला जे गोरे नौसैनिक आले, त्यांच्या बंदुका टोपीच्या होत्या. पाऊस दोघांवर सारखाच पडत होता.

ही टोपी पुढे गेली कुठे? कुठेच गेली नाही. ती काडतुसाच्या बुडात जाऊन बसली, आणि तिच्या कडेने आजही ओल रोखणारा लेप लावतात. चिंचवडच्या माणसाला हे परकं वाटू नये. लोकलने पुण्याकडे निघालं की खडकीला 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना आहे, आणि लोणावळ्याकडे निघालं की देहूरोडला लष्करी साहित्याचा डेपो. वेळेला पेटलीच पाहिजे अशी वस्तू कोरडी कशी राखायची, हा आपल्या दोन्ही शेजाऱ्यांचा रोजचा व्यवहार.

पण या व्यवहारातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम मला सापडतं ते तांब्याची टोपी जन्मण्याच्या शंभर वर्षं आधी. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी मराठी राज्यकारभाराचे नियम सांगणारं आज्ञापत्र सिद्ध केलं. त्यात गडकोटांच्या प्रकरणात दारूखान्याची व्यवस्था आहे. तो राहत्या घरांपासून दूर असावा, तळघर करावं, जमीन पक्की गच्च करावी, दारू सर्द होऊ देऊ नये. पावसाळ्यात तोफांना तेलमेण द्यावं आणि त्यांचे काने, म्हणजे बत्ती द्यायची भोकं, मेणाने बुजवावेत. राखणदाराच्या बोटावरचं मेण ते हेच. इथवरचं कुणीही सांगितलं असतं. अमात्य मात्र पुढे जातात: दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावं, दारू, बाण, होके अशी दारूखान्यातली सामग्री बाहेर काढावी, तिला ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी.

पक्का बांधलेला, मोहोर केलेला, पहाऱ्यातला दारूखाना. तरी तो दर पंधरवड्याला उघडायचा. बंदोबस्त कितीही चोख असला, तरी ओल आत पोचणारच, हे अमात्यांनी गृहीत धरलं आहे. आपण नेमकं उलट करतो. मोलाची वस्तू एकदा नीट बांधून ठेवली की आपण निर्धास्त होतो. कुलपावर विश्वास टाकतो आणि आत काय चाललंय ते बघायचं सोडून देतो. चोरासाठी कुलूप ठीक आहे. ओलीला मात्र नेमाने उघडणं हाच उतारा आहे.

नुसत्या बांधणीवर न विसंबण्याचं हे पथ्य आपल्या कारखान्यांत अजून पाळलं जातं. भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या शॉपमध्ये लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड वापरणाऱ्याकडे बघा. पुडा फोडला आणि रॉड लावला, असं तो करत नाही. रॉड आधी ओव्हनमध्ये तीनशे अंशांच्या आसपास भाजून घेतो आणि मग हाताशी ठेवलेल्या छोट्या गरम डब्यातून लागेल तसा एकेक काढतो. रॉडच्या लेपाने हवेतला ओलावा ओढला, तर त्यातला हायड्रोजन जोडात उतरतो. वाईट हे की असा जोड त्या क्षणी अगदी देखणा दिसतो. तडा कधी काही तासांनी जातो, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून कुशल वेल्डर रॉडच्या रूपावर जात नाही. रॉड ओव्हनमधून कधी काढला, हे विचारतो.

हा प्रश्न आपण स्वतःला किती गोष्टींबद्दल विचारतो? सोसायटीच्या जिन्यात लाल रंगाचं अग्निशामक नळकांडं टांगलेलं असतं. त्याचा काटा शेवटचा कुणी पाहिला? विम्याचे कागद कपाटात आहेत, पण ते कुठल्या फायलीत आहेत हे घरात एकालाच माहीत असतं. एके काळी आपण उत्तम तबला वाजवत होतो, आणि मनाशी समजूत आहे की बसलो तर आजही हात चालेल. अडीअडचणीला अर्ध्या रात्री धावून येईल असा एक मित्र आहे, आणि त्याच्याशी आपण गेल्या दिवाळीनंतर बोललेलो नाही. या सगळ्या भरून ठेवलेल्या बंदुका आहेत. त्या दिसायला शाबूत आहेत. सादळल्या आहेत की नाहीत, ते चाप ओढेपर्यंत कळत नाही, आणि चाप आपण ओढतो तो रानडुक्कर समोर आल्यावरच.

संकटात माणूस कमी पडतो तो बहुतेक वेळा धैर्यात नव्हे. त्या घडीला लागणारी साधीशी गोष्ट निवांत दिवसांत कुणी उन्हात काढलेली नसते. निवांत दिवसांत ते काम तातडीचं वाटत नाही, आणि तातडीच्या दिवशी ऊन नसतं.

अमात्यांच्या कलमातला आणखी एक शब्द सोडू नये: हवालदार. ‘लोकांनी लक्ष ठेवावं’ असं त्यांनी म्हटलेलं नाही. काम कुणाचं ते सांगितलं, आणि किती दिवसांनी तेही सांगितलं. सगळ्यांनी काळजी घ्यावी असं ठरलेली गोष्ट कुणीच बघत नाही, हा प्रत्येक गृहसंस्थेच्या वार्षिक सभेचा अनुभव आहे.

तेव्हा आज उघडीप मिळाली तर फार काही करू नका. नळकांडं, कागद, तबला, मित्र, यांपैकी एकच निवडा आणि आजच उघडून बघा. पुन्हा कधी उघडायचं ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तारखेपुढे घरातल्या एकाचं नाव घाला.