कुठे चुकलं ते सांग

आमच्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाठशाळेतल्या मुलांना कॉम्प्युटरवर आतून दाखवायचा, असं मी मनात घेतलं. मोगलांच्या काळापासून जमिनीखालून वाहणारं ते पाणी, आणि वर ओळीने विहिरींसारख्या कुंड्या. वय एक्कावन्न, गणित दहावीचं. मुलाने वेबजीएल शिकायला लावलं आणि तो इंदूरला निघून गेला.

बायांनो, साधा चौकोनी ठोकळा काढायलासुद्धा बारा त्रिकोण लागतात. आधी वळून मग दहा पावलं चाला, किंवा आधी दहा पावलं चालून मग वळा. पोचाल वेगळ्याच ठिकाणी. तसंच तिथलं गणित, क्रम चुकला की वस्तू भलतीकडे जाते. आणि चुकलं तरी कॉम्प्युटर पुष्कळदा काही बोलत नाही. नुसता काळा पडदा. भाजी करपली तर वास तरी येतो!

माझी कुंडी आठ दिवस दिसली नाही. मुलाला फोन केला, "चालत नाही रे." तो म्हणाला, "आई, नुसतं चालत नाही म्हणू नकोस. कुठे चुकलं ते शोधून सांग."

शोधलं. त्रिकोणाचे बिंदू घड्याळाच्या उलट्या क्रमाने मोजले की ती त्याची पुढची बाजू. मागची बाजू रंगवूच नकोस, अशी सूचना मीच देऊन ठेवली होती. भिंती सगळ्या होत्या, पण बाहेर तोंड करून. मी आत उभी, म्हणून मला एकही दिसेना. क्रम उलटा केला आणि कुंडी उभी राहिली.

त्याच आठवड्यात संवत्सरी आली. दरवर्षीप्रमाणे 'मिच्छामि दुक्कडम्' एका बोटाने सगळ्यांना पाठवायला घेतलं. यादीत नणंदबाईंचं नाव आलं आणि हात थांबला. सासूबाईंच्या आजारपणात मी त्यांना चार माणसांत म्हणाले होते, "तुम्ही काय, पाहुण्यासारख्या येता नि जाता." त्यानंतर तीन वर्षं मी त्यांना तोच मेसेज पाठवत होते.

प्रतिक्रमणात अतिचार एकेक करून म्हणतात, ते उगाच नाही. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा एकदम मागावी लागते, कारण पायाखाली कोण आलं ते आपल्याला कळतच नाही. पण जे कळलेलं आहे, तेही त्याच गाठोड्यात बांधून टाकायचं? जाऊबाई म्हणतात, जुनी जखम उकरू नये. त्यांचंही खोटं नाही. बोललेलं पुन्हा बोलायचं म्हणजे ते पुन्हा ऐकवायचं. पण त्यातलं किती समोरच्याला जपणं आणि किती स्वतःची लाज झाकणं, हे मला तरी प्रत्येक वेळी सांगता येत नाही. मी मात्र झाकतच होते.

मेसेज पुसला, फोन लावला. ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. घसा दाटला.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ताई म्हणाल्या, "मला वाटायचं, तुला आठवतसुद्धा नसेल."

आणि मग माझ्यावर रागावल्या. चांगल्या दहा मिनिटं. मी ऐकून घेतलं.